मदत हवी आहे : दिवाळीनंतर वर्ग रिकामा होतो, उमेद कशी टिकवता?

नमस्कार शिक्षक बंधू-भगिनींनो. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी ११ वर्षं शिकवतेय. पट २७. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि निम्मी पोरं आईबापाबरोबर फडावर जातात. हंगामी वसतिगृहासाठी घरोघर फिरले, पण लहानग्यांना मागे ठेवायला आईचा जीव धजत नाही. तिचंही खरंच आहे.

दुसरीतली एक मुलगी जोडाक्षरांपर्यंत आली होती. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाई, जपून ठेवा, तिकडं कोपीत भिजंल." (कोपी म्हणजे फडावरची तात्पुरती झोपडी.) मार्चमध्ये परतली तेव्हा 'कमळ'सुद्धा अडखळत वाचलं. मी हसून पाठ थोपटली आणि घरी येऊन रडले.

पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, हे कसंबसं उरकतं. थकवा त्याचा नाही. दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, ती उमेद कुठून आणायची ते सुचत नाही.

अशा गावांत शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा, परतलेल्या मुलांकडून पहिले १५ दिवस तुम्ही काय करून घेता? आणि मधल्या चार-पाच महिन्यांत, रिकाम्या बसकर पट्ट्यांपुढे उभं राहताना मन कसं सांभाळता?