चिचेन इत्सा: घड्याळाचा हिशेब

मेक्सिकोतल्या कॅनकून शहरातून पहाटे चारला निघाल्याशिवाय चिचेन इत्साच्या प्राचीन माया अवशेषांपाशी गर्दीआधी पोचता येत नाही, असं काही जण सांगतात, ते पटलं नाही. कॅनकून किंताना रो राज्यात आहे, चिचेन इत्सा शेजारच्या युकातान राज्यात, आणि कॅनकूनचं घड्याळ युकातानपेक्षा 1 तास पुढे असतं. साधारण 200 किमी, टोलच्या रस्त्याने अडीच तास. कॅनकूनच्या साडेसहाला निघालात तर तिथल्या आठला, म्हणजे दार उघडतानाच पोचता. मोठ्या बस दहानंतर येऊ लागतात. परतताना मात्र हाच तास हातचा जातो, त्यामुळे संध्याकाळचं विमान असेल तर हा बेत नकोच.

दुसरं, प्रवेशशुल्काचे दोन भाग असतात, राज्याचा आणि केंद्रीय पुरातत्त्व संस्थेचा. दोन्ही पावत्या शेवटपर्यंत जपा. शक्य असेल तर आदल्या रात्री जवळच्या वायादोलिद गावातच मुक्काम करा, तिथून जेमतेम पाऊण तास लागतो.