जुनी सायकल ऑनलाइन घेताना: फसलेले, वाचलेले, अर्ध्यातून परत आलेले सगळे अनुभव इथे लिहा

पावसाळा संपत आला की अर्ध्या पुण्याला सायकल घ्यायची आठवण होते, त्यात यंदा आमच्या घराचाही नंबर लागलाय. भाचा कॉलेजला आलाय, त्याला गियरवाली रोड बाइक हवीये, बजेट वीस हजार, म्हणजे जुनीच बघावी लागणार. गेले काही आठवडे मी जाहिराती आणि एक-दोन लिलाववाल्या साइट बघतेय आणि आता अशी परिस्थिती आहे की फोटो छान दिसला की आधी संशयच येतो. "बघायला कधी येऊ" विचारलं की निम्मे लोक गायबच होतात! म्हणून धागा काढतेय. तुम्हाला नेमकं कशावरून कळलं ते लिहा, नुसतं "सावध राहा" नको. साइटची, माणसांची नावं आणि फोन नंबर टाकू नका, उगाच लफडी नकोत. आणि "आम्ही तर बाई नवीनच घेतो" हे प्रतिसाद मनातल्या मनात द्या.

विश्रांतवाडीकर

फौजीपासून सुरुवात करतो कारण तो सगळ्यांना भेटलेला असणार. जाहिरातीत झकास हायब्रिड सायकल, किंमत नऊ हजार, नवीन घ्यायला गेलं तर तिप्पट. फोन केला तर हिंदीत, अतिशय आदराने, सर सर करत, मी फौजमधे आहे, पोस्टिंग आसामला झालंय, सायकल दिघीच्या कॅम्पात आहे, आमची गाडी घरी आणून देईल, तुम्ही फक्त गेटपासचे पैसे आधी टाका ते नंतर किमतीतून वजा होतील. लगेच ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो, युनिफॉर्ममधला फोटो. आता दिघी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हटलं गेटवर येतो, तुमच्या मित्राला बाहेर आणायला सांगा. तर म्हणे सिव्हिलियनला परवानगी नाही. म्हटलं बाहेर आणायला कसली परवानगी? मग सहज विचारलं फ्रेम साईज काय आहे, म्हणजे सांगाड्याचं माप, ते आकड्यात सांगतात. उत्तर आलं, "सर, फुल साईज है." तिथेच ठेवला फोन.

पुण्यात हा प्रकार जास्त चालतो असं मला वाटतं कारण खडकी, दिघी, घोरपडी, एनडीए, चारी बाजूंनी लष्कर आहे, कुणालाही खरं वाटावं.

कँटोन्मेंटची_सून

आमच्या घरात दोन पिढ्या सैन्यात. बदली झाली की सायकल, फ्रीज, मुलांचं कपाट हे बहुतेक वेळा युनिटमधल्या ओळखीतच खपतं. आणि ओळखपत्राचा फोटो काढून अनोळखी माणसाला पाठवणं हे कुणी जवान करणार नाही. हे जे फोटो फिरतात ते खऱ्याच कुणाचे तरी चोरलेले असतात. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे हे लोक तुमच्याकडूनही "व्हेरिफिकेशनसाठी" आधार मागतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तुमचं आधार दाखवून सायकल विकतात! तेव्हा पैसे गेले नाहीत तरी आधार देऊ नका.

डावीकडून_चाल

माझा किस्सा जरा वेगळा आहे. एका लिलावात इम्पोर्टेड स्टीलची टूरिंग सायकल होती, पाच-सहा फोटो, सगळे भारी, मागे विटांची भिंत आणि खाली पिवळी पानं पडलेली. विक्रेता म्हणे बाणेरचा. बाणेरमधे इतकी पिवळी पानं कुठे पडतात ते राहूदे, मी फोटो गूगल लेन्समधे टाकला, काहीच मिळालं नाही. म्हटलं ओरिजिनल असेल. पण काहीतरी खुपत होतं. रात्री जेवताना परत बघितला आणि ट्यूब पेटली, चेन डाव्या बाजूला! सायकलची चेन आणि गियर उजवीकडे असतात, तुमची, माझी, दूधवाल्याची, सगळ्यांची. फोटो आरशासारखा उलटा केला होता म्हणजे सर्चमधे सापडू नये, आणि फ्रेमवरचं नाव उलटं दिसू नये म्हणून तेवढा भाग पुसट केला होता, मला आधी वाटलेलं ऊन पडलंय. मी फोटो मोबाइलमधे परत फ्लिप करून शोधला तर कुठल्यातरी परदेशी माणसाच्या जुन्या विक्रीच्या पोस्टमधली सायकल निघाली, तीच भिंत, तीच पानं. विक्रेत्याला एवढंच लिहिलं की दादा तुमची सायकल डावखुरी आहे का. ब्लॉक केलं मला.

तेव्हापासून कुठलाही फोटो आला की पहिली नजर चेनकडे.

मीनाक्षी_ताई_पाषाण

डावखुरी सायकल 😂 आजच घरच्या तिन्ही सायकली जाऊन बघून आले, उजवीकडेच आहे चेन. इतकी वर्षं चालवतेय पण कधी लक्षच दिलं नव्हतं.

रात्रपाळी

आधी मी चिठ्ठीवर आजची तारीख लिहून सायकलवर ठेवून फोटो मागायचो. आता त्यात राम नाही, चिठ्ठी काय, आख्खा फोटो एआयने बनवून देतात. सरळ व्हिडिओ कॉल करा आणि त्यातही आपण सांगू ते करायला लावा. मी सांगतो, सायकल उलटी करा, पायडल हाताने फिरवत मागचे गियर एकेक करून बदला. ज्याच्याकडे सायकल आहे तो कुरकुरतो पण करतो. ज्याच्याकडे नाही त्याचं नेटवर्क जातं.

बोली_बहाद्दर

धागाकर्तीने लिलावाचं विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. बाकी फसवणूक दिसते तरी, लिलावातली दिसत नाही कारण आपल्याला चढलेली असते.

एक रोड बाइक बघत होतो, बोली दहा हजारापासून सुरू. मी बारा लावली की लगेच कुणीतरी साडेबारा, मी तेरा की साडेतेरा, रात्री एक वाजतासुद्धा. मग मी बोली लावायचं थांबवून नुसता बसलो, तर समोरचाही थांबला. दुसरं कुणी येतच नव्हतं. मग त्या विक्रेत्याचे जुने संपलेले लिलाव उघडले, तर तीच दोन-तीन खाती सगळीकडे बोली लावताना दिसली आणि कधीच जिंकलेली नाहीत. खाती पण नवी कोरी, खरेदी शून्य. म्हणजे घरचीच माणसं भाव चढवत होती. ही सायकल तरी खरी असते, फक्त तुम्ही जास्त पैसे देता. मी सोडून दिली.

पण गंमत पुढेच आहे. लिलाव संपल्यावर मला मेसेज, पहिल्या नंबरवाल्याने माघार घेतलीये, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो, फक्त साइटचं कमिशन वाचवायला बाहेर व्यवहार करू. आता साइटवरून "दुसरी संधी" मिळणं हा काही ठिकाणी अधिकृत प्रकार असतो, त्यामुळे लगेच खोटं वाटत नाही. पण तसा प्रस्ताव खरा असेल तर आपल्या खात्यात लॉगिन केल्यावर आत दिसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही. आणि ज्या क्षणी व्यवहार साइटच्या बाहेर गेला त्या क्षणी साइटने हात झटकले. यांनी पुढे एक "सुरक्षित पेमेंट"ची लिंक पण पाठवली, पैसे मधे ठेवतो, सायकल मिळाल्यावर सोडतो वगैरे. मूळ साइटच्या नावात एक आडवी रेघ आणि "पे" जोडलेलं होतं, रंग-बिंग सगळं सेम. म्हटलं मला कमिशन भरायचा शौक आहे, साइटवरच करू. गप्प.

माझी पद्धत: आधी ठरवायचं किती द्यायचे, तेवढी एकच बोली शेवटाकडे लावायची आणि झोपायला जायचं.

कोथरूड_डेपो

मी विकणारा, तरी लिहितो. सायकल टाकल्यापासून पाच मिनिटांत गिऱ्हाईक, भाव न करता, बघायलाही नको. "मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील." अहो, पैसे यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. पूर्वी यूपीआयवर पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवून हेच करायचे, ती व्यक्ती-व्यक्तीतली रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, तर आता क्यूआर आणि खोटे मेसेज. पैसे जमा झाल्याचा एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही, ॲप उघडून बॅलन्स बघा.

आणि विकणाऱ्यांनो, माझ्या मेहुण्याला पूर्ण पैसे खरोखर मिळाले आणि काही दिवसांनी त्याचं खातंच अडकलं कारण ते पैसे दुसऱ्या कुणाला फसवून आलेले होते. सोडवायला चपला झिजल्या. जो माणूस सायकल न्यायला येईल त्याच्याच खात्यातून पैसे घ्या.

कर्वेनगर_पार्किंग

माझी सायकल सोसायटीच्या पार्किंगमधून गेली, केबलवालं लॉक कापून. मग मी वेड्यासारखा जाहिराती बघायला लागलो आणि सापडली! रंग नवा काळा मारलेला पण मागच्या कॅरियरच्या बोल्टला मी लावलेला पितळी वायसर तसाच. बघायला येतो म्हणून पत्ता घेतला आणि चौकीतल्या साहेबांना घेऊन गेलो. सुदैवाने बिल आणि फ्रेम नंबर होता माझ्याकडे. ज्याने विकायला काढली होती त्याने ती कुणाकडून तरी चार हजाराला घेतलेली, रडायला लागला बिचारा. त्याचीही कटकट झालीच. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा कळायला हवं असूनही घेतला तर न्याय संहितेच्या ३१७ कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पंचवीस हजाराची सायकल चार हजाराला, बिलाशिवाय, रस्त्यावर, हे "कळायला हवं" मधेच बसतं.

सायकल उलटी करा, दोन्ही पायडल जिथे जोडतात तिथे फ्रेमच्या तळाला बहुतेक सायकलींचा नंबर ठोकलेला असतो. चिखल असतो, फडक्याने पुसा. तिथे घासलेलं दिसलं किंवा फक्त तिथेच ताजा रंग असला तर चहा पिऊन घरी या.

पेठेतला_गियर

चोर सोडा, साधीसुधी माणसं पण काय काय खपवतात. जाहिरातीत "शिमानो १०५", म्हणजे शिमानो कंपनीचा वरच्या दर्जाचा गियरसेट, जाऊन बघितलं तर मागच्या चाकाला दातेरी चकत्या आठच. शिमानोच्या गियरसेटमधे आठ म्हणजे साधारण क्लॅरिस, नऊ म्हणजे सोरा, दहा टियाग्रा, आणि अलीकडची १०५ असेल तर अकरा किंवा बारा. फोटो मोठा करून मोजा, घरबसल्या कळतं. चेनसाठी इंचाची फुटपट्टी न्या. बारा पूर्ण कड्या म्हणजे पिनच्या मधापासून पिनच्या मधापर्यंत बरोबर बारा इंच. सोळांश इंच जरी पुढे गेली तरी चेन बदलायला झाली, आणि तशीच फार दिवस दामटली असेल तर मागची कॅसेट, म्हणजे त्या चकत्यांचा संच, पण गेलेली असते, हा खर्च भावात धरा. कार्बन फ्रेम रिपेंट केलेली असेल तर मी हातच लावत नाही, रंगाखाली काय तडा आहे देव जाणे.

रविवार_सकाळ

एवढा उपद्व्याप कशाला? जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी जा, हात लावून बघा, घासाघीस करा, घेऊन या.

कर्वेनगर_पार्किंग

@रविवार_सकाळ, आणि बिल? माझी पण तिथेच गेली असती.

रविवार_सकाळ

बिल तुमच्या ऑनलाइनवाल्याकडे तरी कुठे असतं! पण हो, मुद्दा बरोबर आहे. मी तिथून सुटे पार्टच घेतो.

सरकारी_बाबू_निवृत्त

सध्या "विमानतळावर कस्टमने जप्त केलेल्या सायकलींचा लिलाव, ४९९९ पासून" अशी जाहिरात फिरते आहे, खाली दोनशे कॉमेंट "मला मिळाली, धन्यवाद". नोकरीत असताना भंगार आणि जप्त मालाच्या लिलावाची कागदपत्रं हाताखालून गेली आहेत म्हणून सांगतो. सरकारी माल बहुतांशी एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावातून जातो. आधी नोंदणी, मग अनामत, माल पाहायची तारीख दिलेली असते, माल लॉटमधे आणि "आहे तिथे, आहे तसा", वर जीएसटी. एक सायकल, होम डिलिव्हरी, डिलिव्हरी चार्ज २९९ आगाऊ, असं सरकार कधी करत नाही. सरकार इतकं तत्पर असतं तर मी निवृत्त झालोच नसतो.

हडपसरहून

आमच्या काकांचे गेले बावीस हजार, अशाच लिंकवर. लाजेने दोन दिवस कुणाला बोललेच नाहीत, तिथे नडलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकायची आणि बँकेलाही वेगळं कळवायचं. पैसे एका खात्यातून पुढच्या, तिथून पुढच्या खात्यात जातात, ते मधे कुठे पडून असतील तोवरच अडकवता येतात. काकांचे अडीच हजार तेवढे अडकलेले सापडले. बँकवाले म्हणाले पिन तुम्हीच टाकलात ना. तरी कळवलेलं बरं, कळवल्यानंतर काही गेलं तर ती जबाबदारी बँकेवर जाते.

धागाकर्ती

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! चकत्या मोजायचा प्रयोग लगेच केला, "१०५" वाल्या दोन जाहिराती बाद झाल्या. एक औंधची उरलीये, सोरा, एकोणीस हजार सांगतोय, त्याने न विचारता फ्रेम नंबर आणि बिलाचा फोटो पाठवला आणि स्वतःच म्हणाला मागचं चाक थोडं आऊट आहे, ब्रेकला लागतं. रविवारी सकाळी बघायला जातेय. साईज ५४ आहे. भाचा पाच फूट अकरा, चालेल ना?

पेठेतला_गियर

चाक आऊट म्हणजे किरकोळ, स्पोक आवळून होईल, त्याचे पाचशे कमी करून घ्या. पण ५४ त्याला लहान पडेल हो, ५६ किंवा ५८ बघा. तरी भाच्याला घेऊन जा आणि बसवून बघा, ताई तुम्ही एकट्या जाऊन काय उपयोग, पाय त्याचे आहेत.