क्रिप्टोकॉकल मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य दाह): लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच डोस नेमका कसा द्यायचा?

मेडिसिन_वॉर्ड
रुग्ण एचआयव्ही पॉझिटिव्ह, वजन ४० किलो, सीडी४ (प्रतिकारपेशींची संख्या) ३८, एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू नाही. दोन आठवडे डोकेदुखी, आता उलट्या आणि गुंगी. पाठीच्या पाण्यात क्रिप्टोकॉकल अँटिजेन (बुरशीचा अंश) पॉझिटिव्ह, ओपनिंग प्रेशर (सुई घातल्यावर लगेच मोजलेला पाण्याचा दाब) ३४ सेंमी. क्रिएटिनिन, पोटॅशियम नॉर्मल. किती वायल लागतील, कशात मिसळायच्या, सोबत काय द्यायचं? घरचे म्हणतात एआरटी आजच चालू करा. आणि डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड) द्यावं का?

फार्मसी_काउंटर
आधी वायलवरचं लेबल दोघांनी वाचा. १० मिग्रॅ प्रतिकिलो हा डोस फक्त लायपोसोमलचा, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेल्या अ‍ॅम्फोटेरिसिनचा. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन डीऑक्सिकोलेट कधीही दिवसाला १.५ मिग्रॅ प्रतिकिलोच्या वर जाता कामा नये, हृदय बंद पडतं. इमल्शन आणि लिपिड कॉम्प्लेक्सही वेगळी औषधं आहेत, एका डोसचा पुरावा त्यांच्यासाठी नाही.

४० किलोला ४०० मिग्रॅ, म्हणजे ५० मिग्रॅच्या ८ वायल. प्रत्येकीत १२ मिली स्टेराइल वॉटर घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. मग सोबतच्या ५ मायक्रॉन फिल्टरमधून ५% डेक्स्ट्रोजमध्ये, एकूण ५०० मिली होईल असं. दोन तासांत द्या. सलाइनशी संपर्क आला की औषध फुटतं, म्हणून आधीची लाइन डेक्स्ट्रोजने धुवा.

डोसच्या आधी १ लिटर नॉर्मल सलाइन, त्यात पोटॅशियम क्लोराइड २० मिलीइक्विव्हॅलंट, दोन ते चार तासांत. लघवी होत असेल आणि पोटॅशियम वाढलेलं नसेल तरच. नंतर पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन बघत राहा.

सोबत १४ दिवस बुरशीवरच्या गोळ्या: फ्लुसायटोसिन १०० मिग्रॅ प्रतिकिलो रोज, तुमच्या रुग्णाला ५०० मिग्रॅच्या २ गोळ्या दर ६ तासांनी, रात्रीचा डोस न चुकवता. फ्लुकोनाझोल १२०० मिग्रॅ रोज एकदा. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते त्याचं माप) ४० च्या खाली गेला तर फ्लुसायटोसिनचं अंतर १२ तास करा, नाहीतर ते साचून रक्तपेशी उतरतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आठवड्यातून दोनदा.

संसर्गरोग_कट्टा
वरचं सगळं बरोबर, पण हा रुग्ण पहिल्या आठवड्यात गेला तर बहुधा प्रेशरमुळे जाईल. बुरशीचं आवरण पाणी शोषणाऱ्या वाटा बुजवतं, म्हणून दाब उतरवणारी मॅनिटॉल आणि अ‍ॅसिटाझोलामाइड इथे उपयोगाचे नाहीत. पाणी काढावंच लागतं. २० सेंमीच्या खाली येईपर्यंत किंवा निदान निम्मं होईपर्यंत काढा, साधारण २० ते ३० मिली. प्रेशर सलग दोन दिवस ठीक येईपर्यंत रोज एलपी (पाठीत सुई घालून पाणी काढणं). मॅनोमीटर नसेल तर आयव्ही सेटची नळी उभी धरून पट्टीने मोजा. एखादी बाजू लुळी असेल तर आधी सीटी.

डेक्सा देऊ नका. २०१६ मध्ये आलेल्या चाचणीत स्टेरॉइडने अपंगत्व वाढलं आणि पाण्यातली बुरशीही हळू कमी झाली. एआरटी ४ ते ६ आठवड्यांनी. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत एआरटी दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. घरच्यांना स्पष्ट सांगा की गोळ्या नाकारत नाही, थांबवतोय, आणि सुरू करायची तारीख केसपेपरवर लिहा.

मेडिसिन_वॉर्ड
धन्यवाद. फ्लुसायटोसिन इथे मिळत नाही. मग?

फार्मसी_काउंटर
मग एका डोसवर थांबू नका. तो डोस तीन औषधांच्या जोडीतच तपासलेला आहे. लायपोसोमल ३ ते ४ मिग्रॅ प्रतिकिलो रोज, १४ दिवस, सोबत फ्लुकोनाझोल १२०० मिग्रॅ. सलाइन आणि पोटॅशियम आता रोजचं. तरीही फ्लुसायटोसिन मागवण्याची धडपड सोडू नका, फरक खरंच मोठा पडतो.

एआरटी_सेंटर
दोन आठवड्यांनंतर फ्लुकोनाझोल ८०० मिग्रॅ ८ आठवडे, पुढे २०० मिग्रॅ किमान वर्षभर. बंद करायचं ते सीडी४ १०० च्या वर आणि व्हायरल लोड दबलेला असेल तेव्हाच. व्हायरल लोड होत नसेल तर सीडी४ २०० च्या वर जाईपर्यंत थांबा.

आपल्याकडे पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) दिसले की एकेटी (टीबीची औषधं) चालू होते आणि अँटिजेनची तपासणी राहून जाते. टीबी खरंच सोबत असेल तर रिफॅम्पिसिन फ्लुकोनाझोलची पातळी उतरवतं, डोस ठरवताना ते धरा.

एआरटीनंतर डोकेदुखी परत आली तर पुन्हा एलपी आणि फंगल कल्चर. अँटिजेन महिनोन्महिने पॉझिटिव्ह राहतं, इंडिया इंकमध्ये (शाई घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) मेलेल्या पेशीही दिसतात. त्या दोन्हींवरून औषध फसलं असं ठरवू नका. कल्चर निगेटिव्ह आलं तर आयरिसचा (एआरटीने प्रतिकारशक्ती परतताना उसळणारा दाह) विचार करा.