काटा मारणारा तोच अन् मयतीले धावणारा बी तोच, मग माणूस स्वार्थी हाय का नाई?

कापूसवाला: राजेहो, अर्थशास्त्री अ‍ॅडम स्मिथ म्हटलं की सगळ्यायले एकच आठवते, खाटीक अन् पाववाला आपल्याले जेवू घालतात ते दयेपोटी नाई, आपल्या फायद्यापायी. हे १७७६ चं पुस्तक. पण १७५९ मधे ह्याच माणसानं नैतिक भावनांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, अन् सुरुवातच अशी की माणूस कितीबी मतलबी असो, दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून त्याले बरं वाटते, पदरात काही पडो ना पडो. मले पटते. आमच्याकडचा खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, क्विंटलमागं दोन किलो सहज मारते, पण शेजारी मयत झाली तं अर्ध्या रात्री गाडी घेऊन तोच आला, डिझेलचे पैसे बी घेतले नाई.

तुरीचं वरण: भोळा हायेस भाऊ. ते पुढच्या हंगामाचा इसार हाय.

कापूसवाला: मयतवाल्या घरच्यायले वावरच नाई ना बाप्पा, मजुरीवाले हायेत.

तुरीचं वरण: मग गाव पाहते ना! मोठेपणा बी कमाईच.

सालदाराचं पोरगं: हे 'शेवटी सगळा स्वार्थच' वालं मले बोर करते, त्याले खोटं पाडताच येत नाई, मदत केली तं नावासाठी, नाव नको म्हटलं तं मनाच्या समाधानासाठी, मग स्वार्थ ह्या शब्दात उरलं काय? अमर्त्य सेननं १९७७ मधे अशा निव्वळ हिशोबी माणसाले मूर्खच ठरवलं. अन् स्मिथ म्हणते आपल्या आत एक तिऱ्हाईत बसून असते, आपलं वागणं पाहत.

तुरीचं वरण: काट्यापाशी झोपते का मंग तो तिऱ्हाईत? 😀

सालदाराचं पोरगं: अन् आपण सरकारी खरेदीले न्यायच्या आदल्या रात्री वजन वाढाले कापसावर पाणी मारतो तवा? १२ टक्क्याच्या वर ओल निघाली की गाडी वापस, म्हणून तेवढ्या बेतानंच मारतो. व्यापाऱ्याले एकट्याले कायले बोलता.

कापूसवाला: मी मारलं हाय, खोटं कायले बोलू. पण वेचणीवालीच्या वजनात कधी मारलं नाई.

तुरीचं वरण: पुढच्या वेच्याले आली नसती म्हणून!

कापूसवाला: फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावर ठेवलेल्या कापसाचा, शेवटचा वेचा होता. मेळघाटातली बाई, दुसऱ्या दिवशी गावाले वापस चालली होती.