वाचनालयात इंटरनेट आलंय, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठची ग्रंथपाल:
आमचं 'ड' वर्गाचं (म्हणजे सर्वांत लहान वर्गाचं) वाचनालय देवगड तालुक्यात. चारेक हजार पुस्तकं, नोंद सगळी दाखल रजिस्टरात. पावसाळ्यात त्याची पानं चिकटतात, मग कोणी पुस्तक मागितलं की मी आपली कपाटं धुंडाळते. आता इंटरनेट मिळालंय, तेही खिडकीजवळच्या टेबलापुरतं. आधी काय करू?

माडाखाली:
ताई, गूगल शीट. दाखल क्रमांक, नाव, लेखक, कपाट. चारच रकाने. आम्ही थेट 'कोहा' घालायला गेलो (वाचनालयाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, मोफत आहे, पण सर्व्हर सांभाळणार कोण?) आणि तीन महिने फुकट गेले. शीट नीट भरलीत तर पुढे तीच कोहात घेता येते. आयएसबीएनच्या (पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाच्या) भरवशावर राहू नका, जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच.

वेंगुर्लेकर:
शीटची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, फक्त वाचण्यापुरती. आमच्याकडे गणपतीला येणारे चाकरमानी मुंबईतूनच पुस्तकं राखून ठेवायला सांगतात! स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मराठी विश्वकोश उघडून द्या, फुकट आहे. पण पुस्तकं स्कॅन करून ग्रुपवर टाकू नका हो. लेखक गेल्यावरही ६० वर्षं कॉपीराइट राहतो.

खाडीकाठची ग्रंथपाल:
आज पहिलं कपाट काढलं. ४७ नोंदी झाल्या, दोन पुस्तकं कसरीने खाल्लेली निघाली. मग लाईट गेली.