मतदानाच्या दिवशी भट्टी बंद ठेवायची की नाही?

उद्यमबागकर
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी लहान फाउंड्री आहे, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, एकवीस माणसं. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री शेवटची हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा घाणा, काढली, भट्टी रिकामी केली आणि सगळ्यांना भरपगारी सुट्टी दिली. शेजारच्या दोन शेडमध्ये मात्र ओतकाम चालूच होतं. तिथला एक मोल्डर, म्हणजे साचे करणारा कामगार, संध्याकाळी सहानंतर हात धुऊन केंद्राकडे पळाला, तोवर दार बंद.
लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब सांगतं की त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवाल्यालाही. नाही दिली तर दंड जास्तीत जास्त ५०० रुपये! एखाद्या बऱ्या कास्टिंगलाही त्याहून जास्त मिळतात. म्हणजे सगळं आपल्या नीतीवर सोडलंय. लोकशाही बळकट करायला उद्योजकांनी काय करावं, असं आमच्या बैठकीत विचारलं की भाषणं होतात. मला वाटतं, आधी आपल्या गेटपासून सुरुवात करावी. एकट्यानं भट्टी थांबवली तर ऑर्डर शेजारी जाते. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर कुणाचीच जात नाही.

निपाणीकर
कायद्यानं जे द्यायचंच आहे ते दिलं, यात मोठेपणा कसला? माझी आई विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर, आणि त्यातून छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, काढून टाकायचे. छाट किती काढायची ते दुकानदार ठरवणार. निवडणुकीला दुकानदाराची गाडी यायची आणि गाडीत चढतानाच कुठलं चिन्ह ते कानात सांगितलं जायचं. १९८१ ला तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी हायवेवर बसले, गोळीबारात माणसं गेली. निपाणीत लोकशाही आली ती त्यांच्यामुळं आणि युनियन बांधणाऱ्या विडी कामगार बायकांमुळं.
वरच्या पातळीवर तरी वेगळं काय आहे? कंपनीनं पक्षाला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादा २०१७ ला काढली. सोबत निवडणूक रोखे आणले, म्हणजे कुणी कुणाला दिलं ते मतदाराला कळायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही रद्द केलं. तोवर कुठली मोठी संघटना म्हणाली का, की हे चुकतंय?

उद्यमबागकर
कुठलीच म्हणाली नाही. मीही गप्पच होतो, ते मान्य करतो. गाडीचं तुमचं म्हणणं पटलं. गाडी नको, फक्त वेळ द्यायचा. अजून एक सांगतो. ज्याच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल त्याला ही सुट्टी लागू नाही, अशी सवलत कायद्यात आहे. गार भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, तडकतं, हे खरं आहे. पण त्यासाठी भट्टीजवळ दोन माणसं पुरतात, आणि तीही पाळीपाळीनं मत देऊन येऊ शकतात. त्या दोघांच्या नावाखाली आम्ही वीस जणांना थांबवतो.

शहापूरची सून
मी मच्छ्याला एका कारखान्यात हिशेब बघते. सुट्टी कायम कामगारांना मिळते हो. ठेकेदाराच्या माणसांच्या हजेरीत ७ तारखेसमोर खाडा लिहून आला होता. मी विचारलं तर म्हणाला, "काम नाही तर पगार कसला?" सुट्टीची नोटीस तर इंग्रजीत! मोल्डिंगवर कुणी मराठी वाचतो, कुणी कन्नड, ओडिशा-बिहारची पोरं हिंदी. पाट्यांच्या भाषेवरून आपल्याकडं रान पेटतं, पण कामगाराला नोटीस वाचता येत नाही याचं कुणाला काही नाही. त्या पोरांची मतंही गावाकडं. जाऊन यायला आठवडा लागतो, एका दिवसाच्या सुट्टीनं त्यांचं काय होणार?

खानापूरचा
तुम्ही सगळे गेटच्या आतलंच बोलताय. १९९६ ला बेळगाव लोकसभेला सीमाप्रश्नासाठी ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १०,००० केली, आणि तुमची भरपगारी सुट्टीही कायद्याच्या त्याच दुरुस्तीतून आली. त्या उमेदवारांत साधी माणसं होती. कारखानदार कुठं होते? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं कारखाना केला, आणि पालिकेनं जागा सोडायला लावली म्हणून १९१० ला औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. जागा, पाणी, परवाना सगळं सरकारच्या हातात असलं की उद्योजक बोलत नाही. ही भीती मला समजते. पण न बोलणारा लोकशाही बळकट करतो असं म्हणायला मी तयार नाही.

उद्यमबागकर
सीमाप्रश्नावर संघटनेत उभा राहून बोलेन, असा शब्द आज देत नाही. खोटं ठरेल. पुढच्या मतदानाला नोटीस तिन्ही भाषांत लावतो, आणि ठेकेदाराच्या माणसांचा त्या दिवसाचा पगार मी स्वतः देतो. मत द्यायला गावी जाणाऱ्यांना कामावरची जागा राखून सोडायचं कसं, ते अजून जमवायचं आहे.

निपाणीकर
हजेरीची वही कामगारांच्या माणसाला दाखवणार का? तेवढं सांगा.

उद्यमबागकर
दाखवतो. ठेकेदाराचीही.