मदत हवी आहे: लँडस्केपमध्ये डोंगर बुटके आणि आकाश पांढरंफटक येतं

नमस्कार मंडळी,

एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स, एवढाच माझा संसार. माणसांचे, फुलांचे फोटो बरे येतात. लँडस्केप म्हटलं की गाडी अडते.

समोर उभं राहिलं की डोंगररांग अंगावर येते, फोटोत मात्र तिची बारीकशी निळसर पट्टी होते. सगळं मावावं म्हणून लेन्स १८वरच, म्हणजे सर्वांत रुंद ठेवते. मग खाली नुसतं गवत, वर नुसतं आकाश. त्या आकाशाचंही रडगाणं आहेच. ढगांचे थर डोळ्यांना स्वच्छ दिसतात, फोटोत एकही नाही. आकाशाप्रमाणे एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा ते) धरलं तर जमीन काळीठिक्कर. 'नंतर दुसरं आकाश चिकटव' असं एकाने सुचवलं, पण ते नको. त्या वेळी होतं तेच आकाश हवंय.

जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही शार्प यावेत म्हणून एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी लहान) लावलं, तर सगळंच जरा सॉफ्ट वाटतं. हा माझा भास की खरंच तसं होतं?

खर्चाला ना नाही, पण आधी आहे त्या सामानात काय सुधारता येईल ते जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

भास नाही. छिद्र फार लहान केलं की त्यातून जाताना प्रकाश पसरतो (विवर्तन), आणि एपीएस-सीवर एफ/१६च्या पुढे ते चांगलंच जाणवतं. एफ/८ ते एफ/११ पुरे. १८ मिमी, एफ/८ ठेवून साधारण २ मीटरवर फोकस करा. १ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत बऱ्यापैकी शार्प येईल.

डोंगर हवा असेल तर 'सगळं मावावं' हा हट्ट सोडा. लेन्स ५५वर न्या आणि रांगेतला एखादाच सुळका, त्यावरची सावली, एवढंच घ्या. १८वर काढायचंच असेल तर गुडघ्यावर बसा आणि तो दगड हातभर अंतरावर येऊ द्या (फोकस मग थोडा अलीकडे घ्या). उभ्या उंचीवरून काढलेलं रिकामं गवत कुणालाच बघायचं नसतं.

आकाशासाठी रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला की तिथला तपशील गेला, तो कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. सावलीतला मात्र बराच उजळता येतो. त्यामुळे ढग वाचतील इतपत एक्स्पोजर उतरवा, एक स्टॉप (म्हणजे निम्मा प्रकाश), कधी दोन. फोटो तेव्हा अंधारा दिसेल, दिसू दे. फरक त्याहून मोठा असेल तर ट्रायपॉडवर -२, ० आणि +२ स्टॉप एक्स्पोजरचे तीन काढून नंतर जोडा.

आणि फोटो काढता कधी? भर दुपारी काढत असाल तर वरचं सगळं करूनही चित्र सपाटच येणार. सूर्य खाली आणि बाजूला असला की डोंगराच्या घड्या उठून दिसतात.

प्रतिसाद २

पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) घेण्याआधी एक ऐका. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. १८ मिमीच्या रुंद फ्रेममध्ये आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकट होतं, ते फार विचित्र दिसतं. ओल्या पानांवरची, पाण्यावरची चमक घालवायला मात्र उत्तम.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. बहुतेक वेळा दुपारीच काढते, कारण तेव्हाच मोकळी असते. आता सकाळ जमवून बघते. एक शंका: वाऱ्याने गवत हलत असेल तर ते तीन फोटो जोडताना गोंधळ होणार नाही का?

प्रतिसाद १

होतो, गवताची भुतं दिसतात. जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा ती घालवायची सोय असते, जमीन मग एकाच फोटोतून घेतली जाते. वारा फारच असेल तर जोडणीच्या भानगडीत पडू नका, ढग सांभाळून एकच रॉ काढा.